लक्ष्मी रस्ता ते सदाशिव पेठ, व्हाया अवकाश

पुण्यातली अनंत चतुर्दशीची दुपार. मानाचे गणपती लक्ष्मी रस्त्यावरून अलका चौकाकडे निघाले आहेत. ढोल-ताशे घुमत आहेत आणि मचाणावर चढलेले कॅमेरे सगळं टिपत आहेत. तिथून दोन गल्ल्या आत, सदाशिव पेठेतल्या एका घरात तीच मिरवणूक एचडी चॅनेलवर लावलेली आहे. ढोलाचा ठोका खिडकीतून आधी ऐकू येतो. तोच ठोका पडद्यावर दिसतो तो काही सेकंदांनी.

मधल्या काही सेकंदांत ते चित्र कुठे होतं, याचा माग काढला की थक्क व्हायला होतं. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ओबी व्हॅनच्या टपावरची डिश ते चित्र उपग्रहाकडे पाठवते. उपग्रहावरून ते चॅनेलच्या कंट्रोल रूममध्ये उतरतं. तिथे त्यावर पट्टी चढते, निवेदकाचा आवाज मिसळतो, आणि तयार झालेलं चॅनेल पुन्हा वर जातं. ते डीटीएच कंपनीच्या केंद्रात उतरतं, इतर शेकडो चॅनेलांबरोबर बांधलं जातं आणि तिसऱ्यांदा वर जातं. तिथून ते गच्चीवरच्या छत्रीत येतं. उपग्रहापर्यंतची एक फेरी जाऊन-येऊन साधारण ७२,००० किलोमीटरची. तीन फेऱ्यांचे झाले दोन लाख सोळा हजार. पृथ्वी ते चंद्र हे अंतर सरासरी ३,८४,००० किलोमीटर आहे. म्हणजे दोन गल्ल्या ओलांडायला या चित्राने चंद्राच्या निम्म्याहून जास्त वाट तुडवली! व्हॅनऐवजी मोबाइल नेटवर्कवरून किंवा फायबरमधून चित्र पाठवलं तर एखादी फेरी वाचते. तरी जवळची गोष्ट जवळच्या घरात पोचते ती जगातल्या सर्वांत लांबच्या रस्त्याने, हे खरंच राहतं.

एचडी चित्र घरात येण्याच्या मुख्य वाटा तीन: छत्री, केबल आणि अँटेना. प्रत्येक वाटेने शेवटी तेच चित्र दिसतं, पण तिन्ही वाटांवर निसर्गाशी होणारी झटापट वेगळी आहे.

न हलणारा उपग्रह

गच्चीवरची छत्री एकदा बसवली की वर्षानुवर्षं हलवावी लागत नाही. याचा अर्थ ती ज्याच्याकडे बघते तोही जागचा हलत नसला पाहिजे. प्रत्यक्षात तो सेकंदाला तीन किलोमीटरहून अधिक वेगाने पळत असतो. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एक प्रदक्षिणा पुरी व्हायला जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढ्याच वेळात पृथ्वी स्वतःभोवती फिरते. दोघांची गती जुळली की खालून बघणाऱ्याला उपग्रह आकाशात खिळलेला दिसतो. ही जुळणी त्या एकाच उंचीवर, आणि फक्त विषुववृत्तावरच होते. अशा उपग्रहांवरून जगभर प्रक्षेपण करता येईल हे आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्ये, म्हणजे पहिला कृत्रिम उपग्रह उडण्याच्या १२ वर्षं आधी, लिहून ठेवलं होतं.

म्हणून महाराष्ट्रातल्या छत्र्या दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे तोंड करून उभ्या असतात. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला आहे, आणि आपल्या डीटीएच सेवांचे उपग्रह ८३, ९३.५, ९५, १०८.२ अशा पूर्व रेखांशांवर, म्हणजे मुंबई-पुण्याच्या पूर्वेला आहेत. सोसायटीच्या गच्चीवर जाऊन बघा, एका कंपनीच्या सगळ्या छत्र्या कवायतीला उभ्या केल्यासारख्या एकाच कोनात सापडतील. उत्तरेला गॅलरी असलेल्या फ्लॅटमध्ये छत्री बसवणारा माणूस थेट गच्चीवरच जातो, त्याचंही कारण हेच. त्या गॅलरीतून उपग्रहाचं आकाश दिसतच नाही.

इथे एक गंमतही आहे. मुंबईतून ८३ अंशांवरचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर, म्हणजे चांगलाच डोक्याकडे असतो. छत्री मात्र तेवढी वर बघताना दिसत नाही. कारण ती पूर्ण वाटी नसून एका मोठ्या वाटीचा बाजूचा कापलेला भाग असतो. वरून तिरपी आलेली लहर ती खालच्या दांडीवर बसवलेल्या, सिग्नल झेलणाऱ्या एलएनबी नावाच्या डबीच्या तोंडात टाकते. त्यामुळे एलएनबीची सावली लहरींच्या वाटेत येत नाही आणि उभट छत्रीत पावसाचं पाणीही साचत नाही.

एका वॅटचा लाख-कोटीवा भाग

डिसेंबर २००५ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-४ए या उपग्रहावर टीव्हीसाठी केयू बँड या वारंवारिता-पट्ट्यातले १२ ट्रान्स्पाँडर, म्हणजे सिग्नल घेऊन, वाढवून परत खाली धाडणारे संच, होते. प्रत्येकाची ताकद होती १४० वॅट. तेवढ्या ताकदीत घरातले दोन पंखे फिरतात. उपग्रहाच्या अँटेनाने ती भारतावर एकवटली तरी ३६,००० किलोमीटर खाली येईपर्यंत ती काश्मीर ते कन्याकुमारी पसरलेली असते. त्यातून ६० सेंटिमीटरच्या छत्रीच्या वाट्याला किती येत असेल? एका वॅटचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातले दोन-तीन.

एवढ्याशा शक्तीतून मिरवणुकीतल्या गुलालाचा रंग परत उभा करायचा असतो. छत्री तिच्यावर पडलेलं सगळं एका बिंदूवर गोळा करते. तिथे बसलेला मुठीएवढा एलएनबी ते आधी वाढवतो आणि मग त्याची वारंवारिता उतरवतो. वरून आलेली लहर सेकंदाला सुमारे १,२०० कोटी वेळा थरथरत असते. ती तशीच तारेत सोडली तर गच्चीवरून दिवाणखान्यापर्यंत येताना विरून जाईल. एलएनबीने तिला साधारण १०० ते २०० कोटींच्या टप्प्यात आणलं की नेहमीची कोॲक्सियल वायर तिला सांभाळून घेते. त्याच वायरमधून उलट्या दिशेने सेट-टॉप बॉक्स एलएनबीला वीज पुरवतो. १३ व्होल्ट दिले तर एलएनबी उभ्या दिशेने डोलणाऱ्या लहरी निवडतो, १८ व्होल्ट दिले तर आडव्या. दोन्ही प्रकारच्या लहरी वापरणाऱ्या सेवेत आपण सोफ्यावर बसून चॅनेल बदलतो तेव्हा गच्चीवर ही निवडही बदलू शकते. एका वायरमधून चित्र खाली येतं, वीज वर जाते आणि हुकूमही वरच जातो!

१२४ कोटींतून ८० लाख

एचडी चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. जुन्या साध्या चित्राच्या ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांच्या बरोबर पाचपट. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रं धरली तर दर सेकंदाला १२४ कोटींहून अधिक बिट पाठवावे लागतील. उपग्रहाच्या अख्ख्या ट्रान्स्पाँडरमध्ये सेकंदाला काही कोटी बिटच मावतात. म्हणजे एक एचडी चॅनेल पाठवायला वीसहून अधिक ट्रान्स्पाँडर लागतील. इथे गोष्ट संपायला हवी होती.

ती संपली नाही, याचं मोठं श्रेय बंगळुरात जन्मलेल्या नासिर अहमद यांना जातं. अमेरिकेत प्राध्यापक असताना १९७२ मध्ये त्यांनी चित्रातली माहिती आटवण्याच्या एका गणिती पद्धतीसाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे निधी मागितला. तो मिळाला नाही. ही कल्पना फारच साधी आहे, असा एका परीक्षकाचा शेरा होता, अशी आठवण अहमद यांनी पुढे लिहिली. त्यांनी काम सोडलं नाही. विद्यार्थी टी. नटराजन आणि सहकारी के. आर. राव यांच्यासह १९७४ च्या जानेवारीत त्यांनी शोधनिबंध छापला. त्या पद्धतीचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. मोबाइलमधल्या जेपीईजी फोटोपासून एचडी चॅनेलपर्यंत चित्र आटवण्याचा तो पाया आहे.

ती पद्धत अशी. समजा, रांगोळीचे ६४ ठरावीक छापे आपल्याजवळ आहेत. पहिला सगळा सपाट, पुढचे रुंद पट्ट्यांचे, मग बारीक पट्ट्यांचे, शेवटचे अगदी नाजूक चौकड्यांचे. चित्राचा आठ बाय आठ ठिपक्यांचा कुठलाही तुकडा घ्या, या छाप्यांचं योग्य प्रमाण मिसळलं की तो हुबेहूब तयार होतो. मग ठिपके पाठवायचं कारण उरत नाही. कोणता छापा किती, एवढं कळवलं की झालं. आकाश, भिंत, चेहरा अशा बहुतेक तुकड्यांना पहिले चार-पाच छापेच पुरतात. नाजूक छाप्यांचं प्रमाण इतकं थोडं निघतं की ते गाळलं तरी डोळ्याला पत्ता लागत नाही.

डोळ्याच्या अशा सवयींवरच पुढचं सगळं उभं आहे. उजेडातला फरक आपल्याला बारीक कळतो, रंगातला ढोबळ, म्हणून रंगाची माहिती आणखी कमी पाठवतात. शिवाय एका चित्रातून दुसऱ्या चित्रात फारसं काही बदलत नाही. पालखी चार ठिपके उजवीकडे सरकली असेल, तर पालखी पुन्हा न पाठवता 'मागच्या चित्रातला हा तुकडा चार ठिपके सरकव' एवढीच सूचना जाते. एच.२६४ या प्रचलित पद्धतीत हे सगळं एकत्र येतं आणि १२४ कोटी बिटांचे साठ-ऐंशी लाख होतात.

खिडकीतला ढोल पडद्याआधी का वाजतो, त्याचं उत्तरही इथेच मिळतं. तीन वेळा अवकाशात जाऊन यायला मिळून पाऊण सेकंदही लागत नाही. बाकीचा बहुतेक वेळ चित्र थोपवून, मागच्या-पुढच्या चित्रांशी ताडून, आटवून आणि परत उलगडून दाखवण्यात जातो. तेवढ्यात ढोलाचा आवाज, सेकंदाला ३४० मीटर अशा आपल्या चालीने, गल्लीतून घरात पोचलेला असतो.

पाऊस आणि सूर्य

केयू बँडची लहर अडीच सेंटिमीटर लांबीची. जोरदार पावसाचे थेंब काही मिलिमीटरचे. दोन्ही मापं इतकी जवळची असल्याने थेंब लहरींना शोषतात आणि इकडेतिकडे उधळतात. म्हणून जुलैतल्या धुवांधार सरीत सिग्नल जातो. केबलचं केंद्र चॅनेल उतरवून घेतं ते बहुतांशी सी बँडवर. तिथली लहर साडेसात सेंटिमीटरची असते आणि तिला पावसाची बाधा बरीच कमी होते. एकाच सरीत आपली छत्री आंधळी होते आणि शेजारच्या केबलवर मालिका चालू राहते, ती या फरकामुळे.

पूर्वी सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण चेहरे ओळखता यायचे. आता चित्र शेवटपर्यंत स्वच्छ असतं, मग एकदम चौकोन पडतात आणि पडदा काळा होतो. याचं कारण चूक दुरुस्त करणारं गणित. मूळ बिटांसोबत ठरावीक हिशेबाने जादा बिट पाठवतात आणि वाटेत बिघडलेले बिट बॉक्स त्यांच्या आधारे शोधून सुधारतो. बिघाड एका हद्दीत असला की दुरुस्ती पूर्ण होते, हद्द ओलांडली की सगळंच कोसळतं. एचडी डीटीएचमध्ये वापरलं जाणारं हे गणित रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० मध्ये एमआयटीतल्या प्रबंधात मांडलं होतं. तेव्हाच्या संगणकांना ते पेलवणारं नव्हतं, म्हणून तीसेक वर्षं ते जवळजवळ विस्मरणात गेलं. १९९० च्या दशकात ते पुन्हा हाती लागलं आणि आज एचडी डीटीएच बॉक्समधली एक चिप ते क्षणोक्षणी सोडवत असते.

पावसाखेरीज या सगळ्यावर मात करणारी आणखी एक गोष्ट आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, दिवसातून काही मिनिटं, सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो. सूर्यही रेडिओलहरी फेकतोच. त्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण सूर बुडतो आणि लख्ख उन्हात सिग्नल कमकुवत होतो किंवा जातो. मुंबई-पुण्यात ८३ अंशांवरच्या उपग्रहासाठी ही वेळ दुपारी बाराच्या सुमाराला येते. त्या क्षणी आपण वर बघितलं, तर डोळ्याला कधीही न दिसणारा उपग्रह आकाशात नेमका कुठे आहे ते कळतं. तो सूर्याच्या जागीच आहे! सूर्याकडे रोखून मात्र बघू नका, सावलीवरून दिशा ताडा.

केबलवाल्याची वाट

केबलच्या वाटेवर छत्री आपल्या गच्चीवर नसते, केंद्रात असते. तिथल्या मोठ्या डिश वेगवेगळ्या उपग्रहांवरून चॅनेल उतरवतात. तिथून ते प्रकाशाच्या रूपात काचेच्या तंतूतून आपल्या भागापर्यंत येतात आणि शेवटचा टप्पा कोॲक्सियल वायरीने गाठतात. मुंबईत २०१२ च्या ऑक्टोबरअखेर आणि पुणे, नागपूर, नाशिकसह ३८ शहरांत २०१३ च्या मार्चअखेर केबल डिजिटल करण्याची मुदत होती. त्यानंतर वायरीत जिथे एक ॲनालॉग चॅनेल मावायचं, तिथे चार-पाच एचडी चॅनेल मावू लागले.

वायरीचा शत्रू पाऊस नसून वाटणी आहे. दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीसाठी स्प्लिटर लावला की प्रत्येक बाजूला निम्मीच शक्ती जाते. गंजलेला किंवा सैल कनेक्टर आणखी खातो. आणि सर्वांत वाईट नुकसान शेवटच्या हातभर अंतरात होतं. बॉक्स एचडी, टीव्ही एचडी, पण मधे लाल-पांढरी-पिवळी वायर लावलेली असली, तर पिवळ्या पिनेतून फक्त जुनं साधं चित्रच जाऊ शकतं. लाखाहून अधिक किलोमीटर सांभाळून आणलेले पाचांतले चार ठिपके तिथे सांडतात. डीटीएचच्या बॉक्सलाही हेच लागू. एचडीएमआय वायर लावली की ते ठिपके वाचतात.

केबलवाल्याकडे आणखी एक खास गोष्ट असते, ती म्हणजे गावचं स्वतःचं चॅनेल. तिथल्या नगरपालिकेच्या बातम्या, जत्रा, दुकानांच्या जाहिराती. ते चित्र अवकाशात जातच नाही, केंद्रातून थेट घरात येतं. उपग्रहाचं नेमकं उलट आहे. त्याचा झोत सगळ्या देशावर पडतो, त्यामुळे मराठी चॅनेल गडचिरोलीत जितकं लख्ख दिसतं तितकंच इंदूर, बडोदा आणि बेळगावातल्या मराठी घरांतही दिसतं. अमेरिकेतल्या डीटीएच कंपन्या एकेका शहराचे स्थानिक चॅनेल त्या-त्या भागावरच टाकायला अरुंद झोत वापरतात. आपल्याकडे 'लोकल' चॅनेल देशभर बरसतं आणि भाषाच त्याची हद्द ठरवते.

सिंहगडाकडे तोंड करून

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच. एवढ्या उंचीवरून क्षितिज साधारण ६० किलोमीटरवर असतं, आणि टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जात असल्याने मनोऱ्याची पोचही जवळपास तेवढीच. सह्याद्री ओलांडून पुण्यात उतरणं त्यांना शक्य नव्हतं. त्यासाठी १९७३ मध्ये सिंहगडावर सहप्रक्षेपण केंद्र आलं. गड भोवतालच्या प्रदेशापेक्षा साडेसातशे मीटर उंच, तेव्हा तिथून जवळजवळ १०० किलोमीटरपर्यंतचा मुलूख नजरेत येतो. टेहळणीसाठी जी उंची पूर्वजांनी हेरली, तीच टीव्हीच्याही कामी आली. पुण्यातल्या गच्च्यांवरचे अँटेने मग वर्षानुवर्षं नैऋत्येकडे, सिंहगडाकडे तोंड करून उभे होते.

आडव्या दांड्यांचा तो अँटेना जपानमधल्या सेंदाई इथे शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये मांडला. त्यातल्या एकाच दांडीला वायर जोडलेली असते. बाकीच्या दांड्या कशालाही न जोडता नुसत्या लांबीने आणि अंतराने लहरींना त्या दांडीकडे वळवतात. उंच इमारतींच्या मुंबईत पडद्यावर दोन-दोन चित्रं दिसायची. थेट आलेल्या लहरीमागोमाग इमारतीवर आपटून आलेली लहर, ३०० मीटर जास्त चालून, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने उशिरा पोचायची. पडद्यावरची एक ओळ उमटायला असे ५२ भाग लागत. तेव्हा ५० सेंटिमीटर रुंद पडद्यावर दुसरं चित्र एक सेंटिमीटर सरकून दिसायचं. इमारतीचं अंतर पट्टीने मोजता यावं इतका नेमका हिशेब!

डिजिटल अँटेनाने हा दोष मिटवला. दूरदर्शनने २०१६ मध्ये मुंबईसह १६ शहरांत सुरू केलेल्या डीव्हीबी-टी२ पद्धतीत माहिती एका लहरीवर न लादता हजारो सावकाश लहरींवर वाटतात आणि माहितीच्या प्रत्येक तुकड्यानंतर थोडी उसंत ठेवतात. उशिरा येणारा प्रतिध्वनी त्या उसंतीत विरतो. २०२२ पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक सगळे ॲनालॉग प्रक्षेपक बंद झाले. अमेरिकेत मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी थांबलं. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत खिडकीला चिकटवलेला पातळ अँटेना मॅनहॅटनच्या उंच इमारतींवरून येणारे एचडी चॅनेल आजही फुकट पकडतो. आपल्याकडे मात्र लोकांनी अँटेना उतरवला आणि छत्री चढवली.

तसं का झालं, ते सिंहगडापलीकडच्या डोंगराळ मुलखात फिरताना समजतं. सरळ रेषेत जाणाऱ्या लहरीला डोंगर म्हणजे भिंत. गडावरचा मनोरा पुण्याला दिसतो, पण डोंगराआडच्या घळीतल्या वाडीला दिसत नाही. अशा वाड्यांवर केबल ओढणंही परवडत नाही. उपग्रह मात्र आकाशात खूप वर आहे, डोंगरमाथ्याच्याही वर. अगदी खोल दरीतूनही तेवढं आकाश मोकळं सापडतं. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा, आजची डीडी फ्री डिश, अशा घरांत महिन्याच्या बिलाशिवाय पोचली. नासिर अहमद यांना फार साधी म्हणून नाकारलेली आणि गॅलेगर यांची काळाआधी जन्मलेली, अशा दोन कल्पनांनी वाडीतल्या एचडी छत्रीवाल्या छपराला पेठेतल्या गच्चीच्या बरोबरीत आणून बसवलं. दोघांच्याही वाट्याला एका वॅटचे तेच दोन-तीन लाख-कोटीवे भाग येतात, आणि ते दोघांनाही पुरतात.